शेजारची रिकामी जागा

‘रक्तात आजार नाही’ हे ऐकून कडाकडा भांडणारी बाई उभ्या जगात एकच होती, आणि ती नेमकी माझ्या नशिबी आली. मूल या तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात मी तेव्हा रक्त तपासायचो. या बाई जवळच्या खेड्यातून यायच्या; तिथं गावतळ्यातल्या मासोळ्या विकायच्या. नवरा ट्रकवर होता, एचआयव्हीनं झिजून वारला. दोघांचा संसार शेवटपर्यंत एका अंथरुणावर झालेला, तरी बाईंचं रक्त दरवेळी स्वच्छ निघे. मग माझ्यावर डोळे वटारत, “पुन्हा नाईच? नीट पाहा ना जी भाऊ, काऊन लपवून राह्यले?” सुई टोचली की त्या आपल्या डाव्या हाताला दटावत, “लपू नको, भायेर ये!” बाकावर बसताना शेजारची जागा पदरानं पुसून रिकामी ठेवत. एकदा नव्या शिपायानं तिथं बूड टेकलं, तर बाई शांतपणे म्हणाल्या, “उठा जी, त्यायच्या मांडीवर बसले तुमी.” पुढं कितीतरी दिवस त्या खोलीत झाडू मलाच मारावा लागला.

हसू यायचं, पण कारण कळलं तेव्हा ते थांबलं. आजारी बाईची गावाला कीव आली असती. नवरा गेला आणि बायको धडधाकट, म्हणजे हिनंच त्याला खाल्लं, असं गाव कुजबुजत होतं. त्यांची मासोळी कुणी घेईना. त्या विहिरीवर आल्या की बाया अर्ध्या कळश्या घेऊन निघून जात. “दाराशी टाचण्या टोचलेली लिंबं टाकून राह्यले, भाऊ. उद्या दगडं मारतीन. एक डाव आजार हाय म्हना, मंग सोडतीन मले.” मला खोटं बोलवेना आणि रात्री झोपही येईना.

शेवटी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं एखाद्याचं होतं. आजार अंगाला भिडतो, अंग त्याला ओळखतं, पण घरात घेत नाही. का, ते अजून नीट कळलेलं नाही. ओळख मात्र रक्तात राहत असावी. हे मी बाईंना सांगितलं. त्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळल्या. “म्हनजे त्यायच्या आंगात होतं ते माया रक्तानं पाह्यलं? अन् इसरलं नाई?” मी म्हणालो, बहुतेक नाही विसरलं. “मंग नाईच म्हना आजार. गावाचं मी पाहीन.” मी सुई लावली. नळी अर्धी भरली तोच त्यांनी माझं मनगट धरलं. “बस करा, भाऊ. थोडे आत राहू द्या त्यायले.”

गावानं काही त्यांना जवळ केलं नाही. त्या मूलच्या बाजारात बसू लागल्या, तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. एका बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या मासोळ्यांच्या पाटीपुढं वाकलो, तर शेजारच्या मोकळ्या गोणपाटाकडं वळून बाई हळूच म्हणाल्या, “सरका जी जरासे, भाऊ आले.” तिथं कुणी नव्हतं. तरीही मी बाजूला होऊन त्या माणसाला जागा करून दिली.