दाराशी ठेवलेलं ताट

त्या ताटाची आठवण आली की अजून माझं डोकं फिरतं.

आई न्हाणीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. नाशिकच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, उद्यापासून वॉकर धरून उभं करायचं. या वयात जितका उशीर, तितकं चालणं अवघड. आई खूश. लासलगावकडची बाई, जन्मभर कांद्याच्या चाळीत राबलेली. नुसतं पडून राहणं तिला शिक्षाच होती.

दुसऱ्या दिवशी तिला ताप आला, खोकला लागला. नाकातला स्वॅब घेतला, फ्लू निघाला. लगेच कळलं म्हणून गोळ्याही लगेच सुरू झाल्या. तपासणीला मी नावं ठेवणार नाही. पण रिपोर्ट आला आणि माणसं पळाली. आईला कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं, दारावर लाल कागद चिकटवला, मला आत जायची बंदी. बाकीच्या पेशंटना लागण नको, हे मलाही पटत होतं. पण तिला उभं करायला आलेला फिजिओसुद्धा दारातूनच परत फिरला. "रिपोर्ट निगेटिव्ह आला की बघू," म्हणाला.

मी फोनवर विचारायचे, "जेवलीस का?"

"जेवले बाई. लय चांगली माणसं हायेत इथली."

एकदा वॉर्डातल्या मावशी ताट घेऊन आत गेल्या, तेव्हा मी दाराच्या काचेतून पाहिलं. त्यांनी दाराजवळच्या स्टुलावर ताट ठेवलं आणि तशाच बाहेर आल्या. खुबा मोडलेली बाई पलंगावर आणि ताट दाराशी. सकाळचं ताटही तिथेच, पोळ्या वाळून कडक झालेल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मास्क चढवला आणि सरळ आत घुसले. सिस्टर मागून म्हणाल्या, "मॅडम, पॉझिटिव्ह पेशंट आहे."

"म्हणून उपाशी मारणार का? मास्क काय शोभेला दिलेत तुम्हाला? आजार कळला, औषध कळलं, काय घालून जवळ जायचं तेही कळलं. मग अडलं कुठे?"

आईच माझा हात ओढत होती, "जाऊ दे गं, तमाशा नको."

त्यानंतर ताट पलंगापर्यंत यायला लागलं. फिजिओ मात्र निगेटिव्ह रिपोर्टचीच वाट बघत बसला. तोवर आईचा पाय जो आखडला, तो आखडलाच.

आता ती सातपूरला माझ्या घरी असते. ताप केव्हाच गेला, खोकलाही गेला. काल वरणभात घेऊन तिच्या खोलीत गेले, तर तिने पदर नाकाला लावला.

"तिथंच ठेव दाराशी," म्हणाली. "मी घेते उठून."