वाळ्याच्या ताटीआडचे मासे

लग्न होऊन मी चांद्याला आले तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता, आणि आमच्या घरात मानाचं स्थान दोन माशांना होतं. हे जंगल खात्यात नोकरीला. कलकत्त्याच्या कोण्या मित्रानं यांना ते दिलेले. पापडासारखे गोल, चपटे, अंगावर निळ्या रेघा. यांनी सुताराकडून सागवानी चौकट करवून काचेची पेटी बनवली. घरी येणारा प्रत्येक जण पेटीत डोकावून एकच विचारी, "याचा रस्सा कसा लागते हो?" मग त्याला चहासुद्धा मिळत नसे.

माशांची बडदास्त जावयासारखी. रोज अर्धं पाणी बदला, मोरीजवळ खणून गांडुळं काढा, धुवा, बारीक चिरा. कोण चिरणार? मीच! वरोऱ्याला माहेरी मला लाडात वाढवलं ते काय यासाठी?

उन्हाळा लागला. आमच्याकडे सकाळी नवालाच कावळे चोच उघडी टाकून बसतात. दाराला लावून पाणी मारलं की खोली गार करणारी वाळ्याची ताटी घरात एकच, ती दरवर्षी आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, दाराला लागायची. त्या वर्षी यांनी ती माशांच्या खोलीला लावली. "मायले सवय आहे," म्हणाले, "मासे बिचारे परके." आत्याबाई उठल्या. ओला पदर डोक्यावर घेऊन ओसरीत बसल्या.

दिवसभर ताटीवर पाणी शिंपायचं, पेटीत माठातलं गार पाणी ओतायचं. तरी मासे काळेठिक्कर पडले. रेघा गेल्या. कोपऱ्यात तोंड खुपसून उभे, गांडुळाकडे बघेनात. "ऊन लागलं यायले," म्हणत हे आणखी गार पाणी ओतत आणि स्वतःचं जेवण तसंच सारून उठत.

ऐन नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, यांना आलापल्लीच्या जंगलात दौऱ्यावर जावं लागलं. निघताना मला म्हणाले, "ताटी सुकू देऊ नोको. मासे मेले तर मले तोंड दाखवू नोको." नव्या बायकोला हे असं! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

दुसऱ्याच दिवशी आत्याबाईंना ऊन लागलं. ताप, ओकाऱ्या. मी कैरीचं पन्हं पाजलं, तळपायांना कांदा चोळला, आणि मग माझं डोकंच सणकलं. अरे, माणूस मोठा का मासा? ताटी ओढून काढली अन् त्यांच्या दाराला बांधली. माठातलं पाणीही त्यांनाच. माशांना अंगणातल्या रांजणातलं, उन्हानं कोमट झालेलं. "मरा एकदाचे!" म्हटलं. म्हटलं खरं, पण यांना काय सांगू?

दोन दिवसांत आत्याबाई उठून बसल्या. अन् मासे? मरतात कुठले! खोलीची भट्टी झालेली आणि हे दोघं निळे-तांबडे होऊन नवरदेवासारखे मिरवत होते. गांडूळ टाकायचा अवकाश, की फस्त. अख्ख्या चांद्यात तो उन्हाळा मानवला तो फक्त या दोन माशांना.

हे परतले ते चपला न काढताच पेटीशी गेले. काय हरखले! "पाह्य, पाह्य, ताटीचा गुण!" म्हणून वळून बघतात, तर दाराला ताटीच नाही. तसेच आईच्या खोलीकडे निघाले. मागे मी, जीव मुठीत धरून.

आत्याबाई खाटेवरूनच म्हणाल्या, "बाबू, तुया मासोळ्यायले थंडी वाजत होती अन् तुई माय भाजून राह्यली होती. तुले दोन्ही दिसलं नाई."

यांनी बादली उचलली, विहिरीवर गेले, आणि दिवस बुडेपर्यंत आईच्या ताटीवर पाणी मारत राहिले.