पडदेकाका आणि उजेडाचे तास

पडदेकाकांचा धंदा लोकांच्या घरातला उजेड अडवण्याचा. खिडकी मोजायची, कापड दाखवायचं, चुण्या पाडून पडदा शिवायचा आणि शिडीवर चढून तो टांगायचा. तीस वर्षं हेच. पण त्यांच्या स्वतःच्या घरात, बाहेरच्या खोलीत, रोज दहा तास असा उजेड जळायचा की समोरच्या इमारतीतले लोक विचारायचे, "काका, तुमच्याकडे सिनेमाचं शूटिंग असतं का हो?"

तो उजेड त्यांच्या बायकोचा. ती शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. मुलं तिला लॅबच्या बाई म्हणत. घरी तिनं अकरा वर्षं एक समुद्र पाळला होता. भिंतीला लागून तीनशे लिटरची काचेची टाकी, खारं पाणी, तीन मासे आणि चौदा प्रवाळ. काका त्याला "तुझं खारट माहेर" म्हणायचे. प्रवाळांना बाईंनी नावं ठेवली होती: शिंगं, बटणं, भूछत्रं, आणि मधोमध बसलेला, वाटीएवढ्याचा आता परातीएवढा झालेला, हिरवा मेंदू.

"हे दगड नाहीत," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "यांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न शिजवतं आणि यांना भरवतं. उजेड नसेल तर उपास. उजेड फार झाला तर तेच शेवाळ अंगावर उलटतं, मग हे त्याला हाकलतात आणि पांढरे पडतात." म्हणून वेळापत्रक. सकाळी दहाला मंद निळा दिवा, बारापासून पांढरा, तो चढत चढत दोनला पन्नास टक्क्यांवर, सहाला मावळती, आठला अंधार. हे सगळं तिच्या कोरीव अक्षरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं. काकांनी त्यात कधी नाक खुपसलं नाही.

मग बाईंचे डोळे आले असं वाटलं. थेंब घातले, उतार पडेना. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, सूज बाहेरची नाही, आतली आहे, आणि दोन्ही डोळ्यांत. पंधरा दिवसांत उजव्या डोळ्यानं बाईंना बोटं मोजता येईनात. डाव्यात पट्टीतून झिरपून उजेडाचा कवडसा जरी गेला तरी ती कपाळ धरून ओकारी येईपर्यंत कळवळायची.

"खोली अंधारी ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो डोळा शांत राहिला तर वाचवता येईल."

अंधार करणं काकांच्या हातचा मळ. एका दुपारीत त्यांनी खिडक्यांना दुहेरी अस्तराचे काळे पडदे लावले. टाकीचा दिवाही बंद केला. घर म्हणजे ती एक खोली आणि मागे चिंचोळं स्वयंपाकघर. बाईंचा पलंग टाकीपासून चार हातांवर. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी बाईंनी डोळ्यांवरच्या पट्टीआडून विचारलं, "दिवा किती वाजता लावताय?"

"लावत नाही."

"चार दिवस?" ती उठूनच बसली. "अहो, उपाशी मारताय त्यांना!"

"तुझा डोळा आधी."

"डोळा माझा आहे. आणि टाकीही माझी आहे. दोन्हीतलं एक जाऊ द्या असं मी म्हटलं का?"

काकांनी मग टाकीलाच पडदा शिवला. वरून, पुढून, दोन्ही बाजूंनी, शिलाई इतकी चोख की सुईच्या टोकाएवढा उजेड बाहेर येत नव्हता. ते स्वतःवर खूश होऊन दुकानात गेले. संध्याकाळी येऊन कापड उचललं तर आतून वाफ अंगावर आली. दिव्याची ऊब कोंडली होती. पाणी एकतीस अंशांवर, शिंगांना शेंबडासारखा चिकट थर, एक मासा पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकतोय. काकांनी पडदा ओरबाडून काढला आणि पुठ्ठ्यानं वारा घालत बसले. बायकोला एवढंच म्हणाले, "जरा गरम झालं होतं. आता ठीक आहे."

ठीक काही नव्हतं. पडद्याचा मार्ग संपला होता. उरला एकच: दिवा जळतोय तोवर बाईंना स्वयंपाकघरात बसवायचं. तिथं पलंग मावत नव्हता. खुर्चीत पाठ टेकून, डोक्यावर शाल घेऊन ती जेमतेम तीन तास काढू शकायची. मग डोकं ठणकायला लागायचं. तीन तासांत दहा तासांचं काम कसं करायचं? काकांनी आयुष्यात पहिल्यांदा ते कपाट उघडलं, कागद वाचला आणि हिशेब केला. वेळ तिपटीनं कमी, तर उजेड वाढवायला हवा. त्यांनी दिवा शंभरावर नेला.

घाईच्या इस्त्रीनं कापड जळतं हे त्यांनी दुकानातल्या प्रत्येक कारागिराला सांगितलं होतं. पण ते कापडाचं. ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नाही.

सहाव्या दिवशी शिंगांची टोकं पांढरी झाली. आठव्या दिवशी अख्खी शिंगं. बटणं मिटली ती उघडेनात. दहाव्या दिवशी हिरव्या मेंदूवर रुपयाएवढा पांढरा डाग उमटला आणि रोज पसरत चालला. काकांना वाटलं, उजेड पुरत नाही. त्यांनी तीनाचे साडेतीन तास केले. पांढरं आणखी वाढलं.

त्यांनी मुलीला फोन केला. ती दुसऱ्या गावी नोकरीला.

"बाबा, आईला विचारा ना! तिला सगळं कळतं."

"तिला कसं सांगू? डोळ्यांवर पट्टी बांधून बसलीय ती. हे जगावेत म्हणून तर रोज त्या खुर्चीत बसते."

रोज दुपारी दिवा विझला की ते बाईंना हात धरून पलंगावर आणत आणि ती विचारायची, "सांगा, काय काय उघडलं होतं?" आणि काका सांगायचे. बटणं गालिच्यासारखी पसरली होती. शिंगं जांभळी झाली आहेत. बोलताना डोळ्यांसमोर हाडांसारखी पांढरी टाकी. तीस वर्षांत गिऱ्हाईकापासून कापडाचा एक दोष लपवला नव्हता त्या माणसानं.

एक दिवस जास्तच रंगवून सांगायच्या नादात ते म्हणाले, "आणि मेंदूनं काय मिशा काढल्या होत्या आज! लख्ख उजेडात, बोटबोट लांब!"

बाईंनी मान त्यांच्याकडे वळवली.

"मेंदू उजेडात मिशा काढत नाही," ती म्हणाली. "अंधार पडल्यावर काढतो, घास पकडायला. अकरा वर्षांत एकदाही दिवसा काढल्या नाहीत." मग हळूच, "किती गेले?"

काका पलंगाच्या कडेवर बसले. "सात पूर्ण गेले. बाकीचे पांढरे आहेत. मी दिवा शंभरावर नेला गं. मला वाटलं, वेळ कमी म्हणून..."

ती चिडेल, आकांत करेल, या भीतीनं त्यांची पाचावर धारण बसली होती. ती म्हणाली, "तुम्ही तीन आठवडे हे एकटे बघत होतात?" आणि एवढ्यावर काका लहान मुलासारखे रडले. पट्टीखालून तिचंही पाणी ओघळत होतं, पण त्या आजारात डोळे तसेही वाहायचे.

"कागद घ्या," ती म्हणाली. "पांढरा दिवा बंद. फक्त निळा, वीस टक्के, तीन तास. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, त्याच्या घरातला स्वयंपाकी तेवढा गेलेला असतो. उजेड कमी ठेवायचा आणि आपण भरवायचं, बारीक चिमट्यानं. मेलेले काढून टाका, नाहीतर पाणी नासेल. आणि आता खोटं बोलू नका. पांढरं तर पांढरं म्हणा."

काकांनी सात सांगाडे हातांनी बाहेर काढले. प्रत्येक काढताना ती विचारायची, "हा कोणता?" आणि ते खरं नाव सांगायचे.

महिना तसाच गेला. चिमट्यानं भरवणं, थेंबांच्या वेळा, तपासणीच्या खेपा. बाईंचा दाह कमी होत होता. काकांना वाटायला लागलं, निदान इकडे तरी दिवस पालटताहेत. एका सकाळी ती म्हणाली, आज पट्टी न बांधता बसले, काही दुखलं नाही. काका तिला घेऊन जवळजवळ हसतच दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी डाव्या डोळ्यात प्रखर उजेड टाकला. बाई हलली नाही.

"दिवा लावलात का?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी दिवा बाजूला ठेवला. "सूज उतरली आहे. पण आतल्या दाबानं नस गेली. आता उजेडाचा त्रास होणार नाही तुम्हाला."

घरी आल्यावर काकांनी खिडकीचे काळे पडदे काढायला शिडी लावली, दोन पायऱ्या चढले आणि तिथंच कपाळ टेकून उभे राहिले. कुणासाठी काढायचे?

"काढा," बाई खाली बसून म्हणाली. "तुम्हाला दिसायला हवं. आणि उद्यापासून दिवा साडेतीन तास. एकदम दहा नको. आठवड्याला अर्धा तास वाढवायचा."

काकांनी पडदे काढले. दहा तासांवर यायला तीन महिने लागले. उरलेल्या सातांतले आणखी दोन गेले. मेंदूचा निम्मा भाग सांगाडाच राहिला. उरलेल्यावर कडेनं हिरवा रंग आला, आधी शेवाळासारखा, मग गडद. ती बातमी काकांनी पहिल्यांदा सांगितली तेव्हा बाईंनी तीनदा विचारलं, खरंच का. त्यांनी तीनदा सांगितलं, खरंच. आणि तरी, तिला ती विश्वासावरच घ्यावी लागली.