मोझांबिकची नखाएवढी मिरची

ढाणकीला आम्हा चौघींचं मिरची कांडप आहे. गिऱ्हाईक आपलं तिखट डब्यात भरून नेतं, किस्से मात्र आमच्याकडेच साचतात. आणि यंदा तर आमच्या शोभाताईंच्या अमोलनं हद्दच केली!

तो मोझांबिकला नोकरीला असतो. स्वतःच्या लग्नासाठी आला, तो तिकडची पिशवीभर मिरची घेऊनच. शोभाताईंना वेगळाच धसका. व्याही फुलसावंगीचे, बारीकसारीक गोष्टीवरून रुसणारे. "लगीन तेवढं सुखात लागू दे व माय!" हाच त्यांचा जप चालला होता.

* * *

मिरची नखाएवढी. आमची कुंदा हसली. "हे मिरची हाय का लवंग?" म्हणत तिनं एक चावली. डोळे पांढरे, तोंडातून शब्द नाही! आम्ही घाबरून गूळ दिला, ताक दिलं. बऱ्याच वेळानं बाई बोलली, "मीठ पाह्यजे होतं."

* * *

"इले म्हणतात काय रे?" मी अमोलला विचारलं.

"मोझांबिकात पिरी-पिरी, केनियाकडे पिली-पिली, कुठं पेरी-पेरी. इंग्रजीत आफ्रिकन डेव्हिल, म्हंजे सैतान!"

कुंदा हादरली. "मंग आधार कार्ड कोन्त्या नावानं काढत असन?"

* * *

खरा धक्का पुढेच होता. ही मूळची आफ्रिकेचीही नाही म्हणे! मिरचीची सारी जातच अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या जहाजांतून आफ्रिकेत गेली, तशीच आपल्याकडे आली.

नंदाताईंनी मशीनच बंद केली. "म्हंजे त्याच्या आंधी वऱ्हाडात मिरचीच नोहती?"

"नोहती, मावशी."

"मंग ठेचा?"

मला तर त्या दिवशी जेवण गेलं नाही!

* * *

तिकडे शेताभोवती या मिरचीच्या तेलात भिजवलेली दोरी बांधली की हत्ती फिरकत नाहीत, असं अमोल म्हणाला. कुंदाच्या नवऱ्यानं लगेच तुरीभोवती बांधली. सकाळी पाहतो तर रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, तूर खाल्लीच, दोरीही चाटूनपुसून साफ! "हत्ती भेत असतीन," तो म्हणाला, "आपले रोही वऱ्हाडी हायेत!"

* * *

हळदीच्या दिवशी मात्र कहरच झाला. नवरीकडचे समोरच्याच मंगल कार्यालयात उतरले होते. बायकांनी अमोलला हळद लावली आणि रिवाजाप्रमाणे उरलेली उष्टी हळद वाटीतून नवरीकडे गेली.

थोड्या वेळानं अमोल पाटावरून उडालाच! "आई व, आग! आग!" नवरदेव नाचतोय समजून बँडवाल्यानं ठेका वाढवला.

नंदाताई माझ्या कानात म्हणाल्या, "काल थे मिरची कांडली, अन् मशीन न पुसताच हळद टाकली व..."

"उष्टी हळद!" शोभाताई किंचाळल्या. "पळा, थांबवा कोणी!"

तेवढ्यात विहीणबाई स्वतःच दारात. कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळ्याधमक, खुशीत.

"अशी हळद आजलोक पाह्यली नाई, विहीणबाई! नवरीचं तोंड कसं लालबुंद खुललं! म्हणून मंग आम्ही साऱ्याजणींनी लावून घेतली!"