एका वर्षाचे मास्तर

आमच्या मिल्टनमध्ये सत्तरी ओलांडलेली माणसं एक तर नातवंडं सांभाळतात, नाही तर गुडघे. समोरच्या घरातले निवृत्त इंजिनिअर तेवढे परीक्षेचा अभ्यास करायचे, आणि असा दुसरा माणूस उभ्या कॅनडात निघाला तर मी मिशी उतरवीन. सप्टेंबरात ड्राइव्हवेवरची पानं ओढताना ते म्हणाले, "आबा, मी मास्टर्स करतोय. इतिहासात." मी चौथी शिकलेला, मला ऐकू आलं मास्तर. म्हटलं, "या वयात मास्तर होऊन छड्या कुणाला मारणार?" ते पोट धरून हसले. पण मी एकदा म्हटलं ते म्हटलं. तेव्हापासून ते मास्तरच.

मग त्यांनी पानांचे तीन ढीग केले. हा पहिल्या टर्मचा, तीन कोर्स. हा जानेवारीचा, आणखी तीन. आणि उन्हाळ्यात एकच मोठा पेपर, स्वतः शोधून लिहायचा. "वर्षात सगळं संपतं, आबा." तेवढ्यात वाऱ्यानं तिसरा ढीग उडवला आणि मास्तर त्याच्यामागे धावले.

पुढं त्यांना सगळीकडं कोर्सच दिसायला लागले. आल्याचा चहा सक्तीचा, बिस्कीट ऐच्छिक. त्यांची गाइड त्यांच्या मुलीहून लहान, पण तिचा फोन आला की ग्रोसरीच्या लायनीतसुद्धा टोपी काढून ताठ उभे. निबंधाला मुदतवाढ मागायची सवय इतकी लागली, की वहिनींनी जेवायला हाक मारली तरी आतून आवाज यायचा, "एक्स्टेन्शन द्या हो!" थंडीभर बेसमेंटमध्ये बसून लिहिलेलं मला मराठीत सांगायचे. मी हुं म्हटलं की पुढं जायचे, नाही म्हटलं की भांडायचे.

पेपरचा विषय होता, इथं पहिल्यांदा आलेल्या आपल्या लोकांनी गणपती कशाचा केला. कुणी पोरांच्या खेळण्यातल्या मातीचा, कुणी चक्क कणकेचा. पण जूनमध्ये मास्तर तोंड पाडून आले. "जमत नाही, आबा. पेपर सोडून पुढच्या टर्मला दोन कोर्स जास्त घेतले तरी चालतं. डिग्री तीच मिळते."

मला रागच आला. "सोंड लावायची राहिली म्हणून गणपती अर्धा टाकून उठतं का कोण? उठा, तोंड धुवा!"

तिरीमिरीत घरी गेले. दोन आठवडे बोलले नाहीत. ऑगस्टअखेर पेपर हातात नाचवत रस्ता ओलांडून आले, पायात वहिनींच्या चपला. "पास झालो, आबा! सोंडेसकट!"

त्याच आठवड्यात त्यांच्या दारात घर विकल्याची पाटी लागली. देशाच्या दुसऱ्या टोकाला, सरे गावी, मुलीजवळ जायचं कधीचं ठरलं होतं, फक्त डिग्रीसाठी अडलं होतं. ते मला ठाऊक होतं, तरी तोंड धुवायला मीच पाठवलं होतं.

जायच्या दिवशी गाडी सुरू झाली. मी काचेवर टकटक केलं. म्हटलं, "मास्तर, एक्स्टेन्शन घ्या की."

त्यांनी टोपी काढली. मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "कोर्स वर्षाचाच होता, आबा. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

यंदाही पानं पडलीत. मी दोनच ढीग करतो. तिसरा केला की वर्ष संपतं.