ताईचा फौजी कोट आणि चिखलदऱ्याची सकाळ

अकोल्याच्या माणसाला थंडीबद्दल काही विचारू नका. उन्हाळ्याबद्दल विचारा, डोक्याला दुपट्टा कसा गुंडाळायचा ते झोपेतही सांगू. पण थंडीची आमची तयारी एका स्वेटरपाशी सुरू होते आणि तिथंच संपते. म्हणून माझी मोठी बहीण सुमनताई जेव्हा म्हणाली, "भाऊ, यंदा भर थंडीत मले चिखलदरा दाखव," तेव्हा मी आधी हसलो आणि मग घाबरलो.

घाबरलो ते तिच्या हातांमुळे. ताईला संधिवात आहे. गारठा वाढला की तिची बोटं पांढरी पडतात, आखडतात, मग चहाचा कपसुद्धा धरवत नाही. हिवाळा ती घरातच काढते. तिचं सासर दर्यापूरजवळ. त्यांच्या वावरातून हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. लग्न होऊन आल्यापासून ती रेघ ती खालून पाहत आलीय. एकदा तिथं वर उभं राहून सकाळच्या उन्हात आपल्या मुलखाकडे पाहायचं, एवढीच तिची इच्छा होती. पावसाळ्यात जाऊ म्हटलं तर म्हणे, "तवा काय दिसन, धुकं?" डॉक्टरांनी परवानगी दिली, पण बजावलं की हात आणि अंग उबदार राहिलं पाहिजे.

नवीन ब्रँडेड जॅकेटची किंमत पाहून मी दुकानातून गुपचूप बाहेर पडलो. हिवाळ्यात स्वेटरवाल्यांचे तंबू लागतात, त्यांच्या टोकाला एक चाचा मिलिटरी डिस्पोजलचा, म्हणजे फौजेनं वापरून काढलेला माल विकतात. ढीग उपसून मी एक हिरवा पार्का कोट, एक जाड लोकरी जर्सी आणि हातमोज्यांची जोडी निवडली. सगळं मिळून नव्या जॅकेटच्या निम्मेही पैसे लागले नाहीत. हातमोजे गमतीदार होते. तीन बोटांची एक पिशवी, अंगठा वेगळा, आणि पहिलं बोटही वेगळं.

"हे बोट अलग काहून?" मी विचारलं.

"गोली चलाव्याची कशी मंग? पुरा हात बंद रायला तर दुश्मन थांबन का?" चाचा म्हणाले.

तुम्ही असा माल घेणार असाल तर चेन दोनतीनदा ओढून पाहा, लोकर उजेडासमोर धरा म्हणजे कसरीची भोकं दिसतात, आणि हातमोजे स्वतः घालून पाहा. झाडापानांच्या छापील नक्षीचा गणवेश घेऊ नका. तो फौजींचा, आपण मिरवायचा नाही. साधा हिरवा किंवा खाकी रंग पुरे. कोटाला डांबरगोळ्यांचा इतका वास होता की तो आमच्या गच्चीवर उन्हात बरेच दिवस लटकला. कोपरावर कोणीतरी भलत्याच, काळ्या दोऱ्यानं रफू केलं होतं. टाके वेडेवाकडे, पण पक्के.

अकोल्याहून सकाळी गाडीनं निघालो. दर्यापूरपर्यंत दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस आणि हरभरा. ताईकडे तव्यावरची भाकर, वांग्याचं भरीत आणि तुरीच्या सोल्यांची उसळ तयार होती. भाऊजी मात्र नाराज होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हात आखडले तर लगेच फिरा. तिचा हट्ट ऐकू नका." मी शब्द दिला.

अंजनगाव, परतवाडा आणि मग घाट. गाडी नसेल तर परतवाड्याहून एसटी आणि जीप मिळतात. घाटात वळणं फार आहेत, पोट जपून खा. चिखलदऱ्याला पोचलो तेव्हा ऊन होतं, पण सावलीत पाय टाकला की अंगावर काटा यायचा. संध्याकाळी गवळ्यांच्या एका टपरीवर गरम रबडी खाल्ली. ताईनं दोन्ही हातमोज्यांत द्रोण धरला आणि वेगळ्या बोटानं द्रोणाची कड दाबली. "फौजीनं इचार करून बनवलं हाय हे," ती म्हणाली आणि मला माझ्याच खरेदीचा अभिमान वाटला. तो एका रात्रीपुरताच टिकला.

दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच दक्षिणेकडच्या कड्याकडे निघालो. मी ताईला अगदी पक्कं बांधलं होतं. आत सुती बनियन, त्यावर सुती ब्लाउज, त्यावर सुती साडी, मग जर्सी, मग कोट गळ्यापर्यंत बंद. आम्ही कापसाच्या मुलखातले. अंगाला पहिला लागायचा तो कापूस, यात विचार करायचं काय? वाट थोडी चढाची. ताई धापा टाकत, घामाघूम होत वर आली. आणि वारा लागला.

काही मिनिटांत तिचे दात वाजू लागले. हातमोजे काढून पाहिलं तर बोटं पांढरीफटक. खाली चहाच्या टपरीचा दिवा दिसत होता, तिथं तिला जवळजवळ उचलून नेलं. टपरीवरच्या मावशीनं चुलीजवळ जागा दिली, कोण तुम्ही हे विचारलंही नाही. पूर्वेला लाल होत होतं आणि आमची पाठ तिकडे होती.

"झालं ताई, आता उतरू. भाऊजींना शब्द दिलाय," मी म्हणालो.

ताईनं कोटाच्या आत मागे हात घातला, पाठीवरचं बनियन चिमटीत धरलं आणि एकदम मान हलवली.

"भाऊ, कापूस ओला झाला रे."

"म्हणजे?"

"अरे, ओला कापूस किती पाणी धरते, मले माईत नाय का? दवातला कापूस वेचला तर दिवसभर उन्हात पसरा लागते. अन तोच ओला गोळा मी पाठीले बांधून हिंडून राहिली!" आणि बोटांत कळा असतानाही ती हसायला लागली. "जलम गेला कापसात, अन मले सुचलं नाय!"

मावशीनं पडदा ओढून तिला कपडे बदलायला जागा करून दिली. ओलं सुती काढून ताईनं लोकरी जर्सी थेट अंगावर घातली. आतून ओरडली, "लय टोचते वं माय!" मावशी म्हणाली, "टोचू द्या. मरत नाय टोचून." चुलीशी हळूहळू बोटांत रंग आला. सूर्य मात्र केव्हाच वर आला होता. तिकडे पाहून ताईचे डोळे भरले, आणि मला फार वाईट वाटलं.

मी भाऊजींना फोन लावला तो खरं तर निघतो सांगायला. ताईनं फोन हातातून घेतला. "आणखीन एक दिवस राऊन राहिलो आमी. हात बरे हायेत. तुमी गायीले सरकीची ढेप घालजा." फोन बंद.

तिसऱ्या दिवशीचा बेत ताईचा होता. अंगाला लोकर, खाली मी दिलेली माझी कोरडी ट्रॅकपँट, साडीला सुट्टी. कोट घालायचा नाही, माझ्या खांद्यावर. चालायचं सावकाश, घाम येऊ द्यायचा नाही. कड्यावर पोचल्यावर कोट घालून चेन लावायची. टपरीसमोरून जाताना मावशीनं आतूनच हात केला.

वर पोचलो तेव्हा खालचा सगळा वऱ्हाड धुक्याखाली होता. डाव्या हाताला सूर्य आला, धुकं पातळ झालं आणि शेतांचे तुकडे दिसू लागले, काळे, हिरवे, कुठं पांढरट. वारा कालचाच होता. मी पुन्हा पुन्हा विचारत होतो, हात कसे आहेत, हात कसे आहेत. शेवटी ताई वैतागली. तिनं उजवा हात वर केला आणि गोळी झाडायच्या त्या वेगळ्या बोटानं दूर कुठंतरी दाखवलं.

"ते पाह्य. ते आपलं वावर."

इतक्या लांबून वावर ओळखू येणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "हो ताई, तेच."

उतरताना मावशीला चहाचे पैसे देऊ केले तर तिनं आदल्या दिवशीचे घेतलेच नाहीत. परतीला थर्मासमध्ये चिखलदऱ्यातच पिकलेली कॉफी होती. दर्यापूरला भाऊजींनी आधी ताईचे हात हातात घेऊन उलटसुलट पाहिले, मग मला जेवायला बसा म्हणाले.

घरी येऊन मी हिशोब मांडतोय की काय काय उरलं. डॉक्टर, मावशी, चाचा, सगळ्यांचे आभार मनात आहेत. पण सर्वांत जास्त त्या माणसाचे, ज्याचा तो कोट होता आणि ज्याचं नावही मला कळणार नाही. परवा ताईकडे गेलो तर कोट दोरीवर वाळत होता. कोपरावरच्या काळ्या रफूशेजारी कापड विरलं होतं, तिथं पांढऱ्या सुताचे नवे टाके होते. सुई धरवते का म्हणून मी तिच्या हातांकडे पाहिलं.

"हळूहळू केलं," ताई म्हणाली. "त्या फौजीनं बर्फात बसून शिवला असन रे. मी तं उन्हात बसली होती."