गांगुर्डेबाईंची डिझेलवरची गाडी

गांगुर्डेबाई गाडीत बसायच्या आधी चपला काढायच्या. डाव्या हाताने त्या उचलून सीटखाली सरकवायच्या, साडीच्या निऱ्या गुडघ्यात आवरून घ्यायच्या आणि अनवाणी पाय पेडलवर ठेवायच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी नवी नवरी होते आणि तोंडाला कुलूप लावायची सवय मला माहेरीही नव्हती. मी विचारलंच, की गाडी म्हणजे काय देवघर आहे का. बाई हसल्या. म्हणाल्या, "देव कसला, लोखंड आहे. पण पायाला पेडल कळावं लागतं."

मग गाडी सुरू करता करता, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात त्यांनी पुढचं सांगितलं. निफाडकडच्या त्यांच्या गावात वडिलांना मोठ्या वाड्यासमोरून जाताना चपला हातात घ्याव्या लागत. "त्यांना काढायला लावायचे. मी माझ्या सोयीनं काढते. फरक आहे." मी मागे जाऊन बसले.

आमची कॉलनी तेव्हा नाशिकच्या पार कडेला होती. पलीकडे मोकळं रान, त्यापुढे अंबडचे कारखाने नुकते उभे राहत होते. कॉलनीत सायकली घरटी एक, स्कूटर शोधून एखादी, आणि मोटार एकच. ती गांगुर्ड्यांच्या दारात. सरकारी खात्यातून मोडीत निघालेली जुनी अँबॅसिडर गांगुर्डेभाऊंनी लिलावात घेतली होती. भाऊ कारखान्यात फिटर. गाडी उघडायची, जोडायची, तेलपाणी करायचं ते भाऊंनी, आणि रस्त्यावर चालवायची ती बाईंनी. ट्रक समोरून आला की भाऊंचे डोळे आपोआप मिटायचे, मग करता काय! बाई शाळेत शिकवायच्या, आणि चौथीच्या वर्गाला गप्प बसवणाऱ्या बाईला ट्रकचं कसलं भय?

गाडीची चावी त्यांच्या दाराच्या चौकटीला, बाहेरच्या बाजूने, खिळ्यावर लटकलेली असायची. कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर दार वाजवत बसू नका, आधी चावी हातात घ्या आणि मग मला हाक मारा, असा बाईंचा नियम. गाडी लग्नाच्या वरातीला मिळायची नाही, देवदर्शनाला मिळायची नाही, पण बाळंतिणीला आणि आजाऱ्याला कधीही मिळायची. असल्या उघड्या चावीला लोक हसायचे. गाडी एखादे दिवशी चोर नेईल म्हणायचे. बाई म्हणायच्या, "चोराला ही सुरू करता आली, तर त्याला मी शाळेत नोकरी लावून देईन."

मग पेट्रोलचे भाव भडकले. मोठमोठ्या लोकांनी गाड्या विटांवर चढवून ठेवल्या. बाईंना तर जो तो सल्ला द्यायला लागला, की विकून टाका, पांढरा हत्ती दारात कशाला. आमचे हेसुद्धा त्यात पुढे. स्वतःच्या सायकलला पंप मारायचा कंटाळा, पण उंटावरून शेळ्या हाकायला सगळ्यांच्या आधी. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि गाडी विकली नाही. एका दुपारी तांदूळ निवडत बसलो असताना मी त्यांना सरळ विचारलं, की हा हट्ट कशासाठी.

त्यांची थोरली बहीण कौसल्या बाळंतपणात अडली होती. वाड्यासमोर जीप उभी होती. वडील हात जोडून उभे राहिले, तर आतून निरोप आला की ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर ओट्यावर तंबाखू मळत बसलेला सगळ्यांना दिसत होता. मग बैलगाडी जुंपली. निफाड यायच्या आधीच कौसल्या गेली. "गाडी नसती तर मी नशिबाला बोल लावला असता," बाई म्हणाल्या. "पण गाडी दारात होती, आणि मिळाली नाही. हे लय वाईट असतं बघ." एरवी शुद्ध पुस्तकी बोलणाऱ्या बाईंच्या तोंडी गावाकडचा 'लय' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला रडू आलं. बाईंनी माझ्यापुढचं ताट ओढून घेतलं आणि माझ्या वाटणीचेही तांदूळ निवडून टाकले.

पेट्रोल परवडत नव्हतं, म्हणून भाऊंच्या डोक्यात नाना खुळं शिरली. कुठे घासलेटवर गाडी चालते म्हणून ऐकून आले, कुठे साखर कारखान्याच्या स्पिरिटवर. विजेच्या बॅटरीवर चालणाऱ्या गाडीचं चित्र तर त्यांनी मासिकातून कापून भिंतीला चिकटवलं होतं. बाईंनी सगळ्याला नकार दिला. शेतात पाणी ओढतं ते इंजिन डिझेलवर चालतं, ते मी लहानपणापासून पाहिलंय, त्यावर माझा विश्वास आहे, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा भाऊंनी मोडीतल्या एका टेम्पोचं डिझेल इंजिन आणलं आणि कित्येक रविवार खपून ते अँबॅसिडरच्या पोटात बसवलं. कागदांवर नोंद करायला बाई स्वतः गेल्या. कचेरीतल्या माणसाने विचारलं, मालक कुठे आहेत. बाई म्हणाल्या, "समोर उभी आहे." नोंद झाली.

त्या दिवसापासून गाडीचा आवाज ट्रकसारखा झाला. बोळात शिरली की मांडणीवरची भांडी थरथरायची. चावी फिरवून इंजिनातला हीटर तापेपर्यंत जरा थांबावं लागे, आणि तेवढ्या वेळात बाई मागे वळून विचारायच्या, "घराला कुलूप लावलं का?" घाबरलेलं माणूस कुलूप आठवायला लागलं की त्याची भीती कमी होते, असा त्यांचा हिशेब. पंपावर मात्र बाई कुणावर विसंबत नसत. मोटार डिझेल पिते हे पंपावरच्या पोरांना खरंच वाटायचं नाही. टाकीच्या झाकणावर भाऊंनी रंगाने 'डिझेल' लिहिलं होतं, तर पोरं ती थट्टा समजायची. म्हणून बाई खाली उतरून नळीचा वास घ्यायच्या आणि मगच ती टाकीत घालू द्यायच्या.

ऐन वैशाखात, भर दुपारी मला कळा सुरू झाल्या. आमच्या ह्यांनी खिळ्यावरची चावी काढली, बाई आल्या, गाडी निघाली. डिझेलची टंचाई चालू होती, टाकी जवळजवळ रिकामी. वाटेत पंप लागला. मी मागच्या सीटवर कळवळत होते, म्हणून बाई पुढून उठून माझ्याजवळ येऊन बसल्या, माझी पाठ चोळू लागल्या, आणि ह्यांना म्हणाल्या की तेवढं भरून घ्या. हे रुबाबात उतरले. यांच्या सात पिढ्यांत कुणी मोटार पाळलेली नाही. मोटारीत जे घालतात त्याला पेट्रोल म्हणतात, एवढं यांचं ज्ञान. झाकणावरचा रंग तोवर उडून गेला होता. ह्यांनी पेट्रोल टाका म्हणून सांगितलं, आणि पोराने टाकलं.

बाई पुन्हा पुढे बसून निघाल्या, आणि मुंबई नाक्याच्या पुढे गाडी आधी खडखडली, मग उचक्या दिल्यासारखं करून गप्प झाली. बाईंनी उतरून टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि ह्यांच्याकडे पाहिलं. रस्त्यावर एक टांगा येत होता, त्याच्यासमोर हात आडवे करून उभ्या राहिल्या. मला त्यांनी आणि ह्यांनी उचलून टांग्यात बसवलं. गाडी तशीच टाकून बाई माझ्याबरोबर आल्या. सबंध वाट त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि दर थोड्या वेळाने टांगेवाल्याला म्हणत होत्या, "दादा, हाका. दादा, हाका ना." टांग्याच्या चाकांचा आवाज त्यांना कुठल्या बैलगाडीची आठवण करून देत होता ते मला ठाऊक होतं. कळांपेक्षा मला त्यांचीच काळजी वाटायला लागली.

आम्ही वेळेत पोचलो. मुलगी झाली. संध्याकाळी बाई खाटेशी बसल्या होत्या तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. चपला गाडीतच, सीटखाली राहिल्या होत्या. तापलेल्या डांबरावर उभं राहून दोन्ही तळव्यांना फोड आले होते, आणि त्यांनी ते अजून पाहिलेही नव्हते.

आमचे हे दाराशी मान खाली घालून उभे होते. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बाईंनी मला थांबवलं. "त्यांना कशाला बोलतेस? ज्याच्या घरात गाडी नाही, त्याला तिची भूक कशी कळणार? चूक माझी. सगळ्या कॉलनीत गाडी चालवणारी मी एकटीच राहिले." बाळंतपणाचा महिना संपला आणि बाईंनी मला गाडी शिकवायला घेतलं. आमचे हे म्हणाले की मीही शिकतो. बाई म्हणाल्या, "तुम्ही आधी वास घ्यायला शिका." हा टोमणा ह्यांना जन्मभर पुरला, आणि खरं सांगते, मला तो पुरवून पुरवून वापरता आला.

मी मखमलाबादकडची, शेवंतीच्या मळ्यातली. बैल वळवता यायचे, पण स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला तो गिअर काही केल्या बसेना. बाई शेजारी बसून एवढंच म्हणायच्या, "दटावू नकोस, समजाव." चपला काढून बसले, आणि हळूहळू पायाला पेडल कळायला लागलं. पुढे कॉलनीतली निम्मी बाळंतपणं मी पोचवली आणि निम्मी बाईंनी.

दिवस पालटले. इंदिरानगर वसलं, मोकळं रान बुजत गेलं. आधी स्कूटरी आल्या, कोपऱ्यावर रिक्षा थांबायला लागल्या, आणि मग लहानशा नव्या मोटारी आल्या, पांढऱ्या, बिनआवाजाच्या, रात्रंदिवस कापडाखाली झाकलेल्या. बाईंना त्याचं वाईट वाटलं असेल असं मला वाटायचं. उलट प्रत्येक नव्या गाडीला त्या स्वतः हळदकुंकवाचं ताट घेऊन जायच्या. घरी देव नव्हते, बुद्धाची तसबीर होती, पण दुसऱ्याच्या आनंदाला त्याच्याच रीतीने हात लावावा, असं त्या म्हणायच्या. फक्त नव्या मालकाला एक प्रश्न विचारायच्या, की चावी कुठे ठेवणार. लोक सांगायचे, कपाटात. बाई बरं म्हणून परत यायच्या. त्यांच्या खिळ्यावरची चावी आता महिनोन् महिने हलत नसे, पण सकाळी दार पुसताना त्या तीही पुसायच्या.

एका सकाळी भाऊ आमच्या फाटकाशी आले. हातात चावी होती. बाईंच्या छातीत दुखत होतं. तोवर समोरच्यांचा मुलगा आपली नवी गाडी घेऊन दारात हजर, काकू यात बसा, धक्का लागणार नाही म्हणून विनवत होता. बाईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, "तू गाडी काढलीस, मला पावलं. पण," त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "मला सुमन नेईल."

मी पायरीशी चपला काढल्या. बाई मागच्या सीटवर बसल्या, आजारी म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच. चावी फिरवली, हीटर लवकर तापेना. मी मागे वळून विचारलं, "बाई, कुलूप लावलं का?" त्या वेदनेतही हसल्या. वाटेत डिझेलचा काटा खाली आलेला दिसला, पंपावर वळवावीच लागली. मी उतरले, उभी राहिले, परत आले. मागून बारीक आवाजात प्रश्न आला, "वास घेतलास?" घेतला म्हटलं. बाईंनी डोळे मिटले आणि डोकं भाऊंच्या खांद्यावर टेकलं.

दवाखान्यात त्या काही दिवस होत्या. घरी आल्या नाहीत.

सगळं आटोपल्यावर भाऊ हातोडी घेऊन आमच्याकडे आले. आमच्या चौकटीला, बाहेरच्या बाजूने, त्यांनी एक खिळा ठोकला आणि चावी अडकवली. गाडीचं तेलपाणी मी बघेन, तुम्ही चालवत जा, एवढंच म्हणाले. मी दाराला धरून ढसाढसा रडले, आणि भाऊ हातोडी घेऊन तसेच उभे राहिले.

पुढे कितीतरी दिवस चावी हललीच नाही. मग एका दुपारी फाटक वाजलं. मागे बांधकाम चाललं होतं, तिथला एक मजूर अंगणात उभा होता, पेठकडचा असावा. वाटेत चार झाकलेल्या मोटारी ओलांडून तो आमच्या दाराशी आला होता. कुणीतरी सांगून ठेवल्यासारखं त्याने आधी खिळ्यावरची चावी काढली आणि मग मला हाक मारली. त्याची बायको फाटकाला धरून वाकली होती.

मी चपला पायरीवरच सोडल्या. दोघांना मागे बसवलं, चावी फिरवली, आणि हीटर तापेपर्यंत मागे वळून विचारलं, "घराला कुलूप लावलं का?"

"झोपडीला कुलूप कुठलं, ताई," तो म्हणाला. त्याची बायको त्या तसल्या कळांत फिसकन हसली. मी गाडी काढली.